दुप्पट पाऊस, तिप्पट अपधाव

पावसाची बेरीज सरासरीइतकी भरली की ‘यंदा पाऊस चांगला झाला’ असे मानले जाते. पण 100 मिलिमीटर पाऊस आठवडाभर रिमझिम पडला तर बहुतेक मुरतो, आणि तोच दोन तासांत कोसळला तर निम्म्याहून अधिक ओढ्याला लागू शकतो. न मुरता असे वाहून जाणारे पाणी म्हणजे अपधाव. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावते. त्यामुळे तापत्या हवामानात मोठ्या सरींचा जोर वाढतो.

खरी गंमत मातीच्या वरच्या काही मिलिमीटरांत घडते. 5 मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटर वेगाने आदळतो, 1 मिलिमीटरचा साधारण 4 मीटरने. वजन आणि वेग दोन्ही धरले तर मोठ्या थेंबाचा दणका सहाशेपटींहून अधिक भरतो. उघड्या रानात या माऱ्याने ढेकळे फुटतात, चिकणमातीचे बारीक कण सुटतात आणि मातीतल्या छिद्रांत जाऊन बसतात. पृष्ठभागावर पातळ, घट्ट खपली तयार होते. खाली माती कोरडी असली तरी पाणी वरूनच वाहू लागते. पिकाची पाने किंवा काडीकचऱ्याचे आच्छादन हा मारा झेलते, म्हणून छिद्रे उघडी राहतात.

हा फरक आकड्यांत पकडायला अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने 1950च्या दशकात ‘कर्व्ह नंबर’ पद्धत रूढ केली. पाणी सावकाश मुरणाऱ्या एकाच प्रकारच्या मातीला सरळ ओळींच्या पिकाखाली 85, समतल (उताराला आडवी) पेरणी आणि मजगी (पायऱ्यांची शेती) असेल तर 78, चांगल्या जंगलाखाली 70 असा अंक मिळतो. 25400 ला या अंकाने भागून 254 वजा केले की जमिनीची धारणक्षमता मिलिमीटरमध्ये येते. तिचा पाचवा हिस्सा पावसातून वजा करा. उरलेल्याच्या वर्गाला, पाऊस अधिक धारणक्षमतेचे चार पंचमांश, या बेरजेने भागा. उत्तर म्हणजे अपधाव. 50 मिलिमीटर पावसात 85 अंकाच्या रानातून सुमारे 20, मजगीतून 12 आणि जंगलातून जेमतेम 6 मिलिमीटर वाहते. पाऊस 100 झाला की 85 च्या रानातून 61, म्हणजे तिप्पट! एका हेक्टरवरचा 1 मिलिमीटर म्हणजे 10 हजार लिटर, हे लक्षात घेतले की नुकसान कळते. काठी फिरवून पाणी शोधणाऱ्याच्या मागे लागण्याआधी हा हिशेब मांडावा. काठीच्या कौलाला कसलाही शास्त्रीय आधार नाही.

आपल्या रानाची चाचणी घरीही होते. 30 सेंटिमीटर व्यासाचे लोखंडी कडे 10 सेंटिमीटर जमिनीत ठोका. आत प्लास्टिकचा कागद अंथरा, त्यावर पावणेदोन लिटर पाणी ओता आणि कागद हलकेच ओढून घ्या; हा झाला साधारण 25 मिलिमीटर पाऊस. थेट ओतले तर धारेने खपली फुटते आणि पाणी भराभर मुरल्याचा भास होतो. दुसऱ्यांदा तेवढेच ओतून ते किती मिनिटांत मुरते ते मोजा, कारण कोरडी माती पहिले पाणी बहुधा झपाट्याने पिते. उघडी जागा आणि आच्छादनाखालची जागा, दोन्ही तपासा.

नुसत्या बांधांवर मात्र विसंबू नये. बांधाचा माथा एका ठिकाणी जरी बसका असला तरी मोठ्या सरीत साचलेले सगळे पाणी तिथेच धावते, बांध फुटतो आणि खाली घळ पडते. म्हणून पावसाआधी पाण्याच्या नळीने माथ्याची पातळी तपासावी, आणि जादा पाणी बाहेर सोडणारा सांडवा भुसभुशीत मातीत न काढता गवताने बांधलेल्या किंवा दगडी जागी काढावा.