मान वाकलेली म्हणजे बेस गिटार बाद?

‘जुन्या बेस गिटारची मान जराही वाकलेली दिसली तर घेऊ नका’, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकायला पटतोही. पण बेसच्या जाड तारा कंप पावताना रुंद झोके घेतात. त्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटू नयेत म्हणून मानेला किंचित बाक मुद्दामच ठेवतात.

तपासणं सोपं आहे. वाद्य सुरात लावा, एकच तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी, साधारण ०.३ मिलिमीटर, असेल तर छान. जास्त असली तरी मानेतल्या ट्रस रॉडने, म्हणजे बाक कमी-जास्त करणाऱ्या धातूच्या सळईने, ती बहुधा कमी होते. खरी अडचण मान पिळलेली असेल किंवा रॉड फिरतच नसेल तर. विकणाऱ्यानेही रॉड आधी जुळवून ठेवावा, निम्मी घासाघीस तिथेच थांबते.