भिजल्यावर सैल पडणारं कापड

लाकडी सांगाड्यावर कापड ताणून घरीच कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी होडी, बांधायला निघालेले लोक सगळ्यात आधी विचारतात, ‘वॉटरप्रूफ कापड कोणतं?’ पण पाणी अडवणं हे कापडाचं काम नव्हेच. ते काम वरून दिलेल्या रंगाचं किंवा पॉलियुरेथेनच्या लेपाचं. कापडाने फक्त दोन गोष्टी करायच्या: ताणलेलं राहायचं आणि खडकावर घासलं तरी फाटायचं नाही. आर्क्टिकमधले इन्युइट हे काम सीलच्या कातड्याकडून करून घेत. आज निवड साधारणपणे सुती कॅनव्हास, नायलॉन आणि पॉलिएस्टर या तिघांतून होते.

नायलॉनबद्दलची एक तक्रार नेहमी ऐकू येते. बांधताना घट्ट बसलेलं कापड दमट हवेत किंवा आतून ओलं झाल्यावर सैल पडतं. हा दोष शिवणाऱ्याचा नाही, रेणूचा आहे.

नायलॉनच्या रेणूंच्या लांबच लांब साखळीत ठरावीक अंतराने अमाइड गट, म्हणजे ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन असलेले अणूंचे छोटे समूह, असतात. एका साखळीतल्या अमाइडचा ऑक्सिजन शेजारच्या साखळीतल्या, नायट्रोजनला जोडलेल्या हायड्रोजनला ओढून धरतो. हे हायड्रोजन बंध धाग्याला ताठ ठेवतात. पण पाण्याच्या रेणूलाही हेच बंध जोडता येतात. धाग्यातल्या शिस्तबद्ध, स्फटिकी भागात त्याला शिरकाव नसतो. जिथे साखळ्या अस्ताव्यस्त पडल्या आहेत तिथे तो शिरतो आणि दोन साखळ्यांमधली पकड सोडवून स्वतःच मध्ये बसतो. साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात. बहुवारिक (अशा लांब साखळ्यांचा पदार्थ, पॉलिमर) ज्या तापमानाच्या वर काचेसारखं कडक राहत नाही, ते काचसंक्रमण तापमान कोरड्या नायलॉनमध्ये नेहमीच्या हवेच्या तापमानापेक्षा वर असतं. नायलॉन पुरतं भिजलं की हे तापमान हवेच्या तापमानाखाली घसरतं. नायलॉन ६,६ स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ ते ९ टक्के पाणी पिऊ शकतं. धागा थोडा लांबतो, बराच मऊ पडतो आणि ताण निघून जातो. म्हणूनच जाणकार नायलॉन ओलं करून ताणतात आणि शिवतात, म्हणजे वाळताना ते आवळलं जातं.

सुताचं नेमकं उलट. पाणी प्यायलेला सुती धागा लांबीपेक्षा जाडीत खूप जास्त फुगतो. आडवा धागा जाड झाला की त्याच्यावरून जाणाऱ्या उभ्या धाग्याला मोठा वळसा घ्यावा लागतो, आणि कापड आखडतं. विणीची ही भूमिती मला विलक्षण सुंदर वाटते. पण सूत ओलं राहिलं तर कुजतं.

पॉलिएस्टरमध्ये पाण्याला धरायला तसा हायड्रोजनच नाही. ते अर्धा टक्काही पाणी घेत नाही. शिवाय कारखान्यात ओढून सरळ केलेल्या त्याच्या साखळ्या उष्णता मिळाली की पुन्हा वेटोळ्या होऊ पाहतात, त्यामुळे इस्त्री फिरवून सुरकुत्या काढता येतात. इस्त्री फार गरम मात्र नको. २६० अंश सेल्सिअसच्या आसपास ते वितळतं.

मग नायलॉन का वापरायचं? कारण तुटण्याआधी ते जास्त लांबतं आणि धक्क्याची ऊर्जा पचवतं. खडकाळ किनाऱ्यावर कयाक उतरवणार असाल तर मी नायलॉनच घेईन. शांत पाण्यासाठी पॉलिएस्टर. ‘बॅलिस्टिक’ नावाने विकलं जाणारं नायलॉन म्हणजे गोळी अडवणारं कापड, या जाहिरातबाजीला मात्र भुलू नये. त्या विणीचा जन्म दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या जाकिटांसाठी झाला आणि रोखायचे होते ते स्फोटातले उडते तुकडे.

कापड घेण्याआधी लेप नसलेल्या नमुन्याच्या लांब पट्ट्या कापा. एकदा भिजवून वाळवा, खाली हलकं वजन लावून टांगा आणि लांबी मोजा. मग रात्रभर पाण्यात ठेवून त्याच वजनाने पुन्हा मोजा. नायलॉनची पट्टी लांबलेली फुटपट्टीवरच दिसेल, पॉलिएस्टरची जवळपास होती तेवढीच असेल.