ट्युनिसची कुटुंबे आणि ‘एएलएस-2’ जनुक

पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी 1869 मध्ये वर्णन केलेला एएलएस हा आजार बहुधा उतारवयात येतो, आणि घरात दुसरा रुग्ण सहसा नसतो. हातपाय हलवण्याचे हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या चेतापेशी, म्हणजे मोटर न्यूरॉन, यात मरत जातात. ट्युनिसमध्ये मात्र डॉक्टर मोंगी बेन हमीदा आणि सहकाऱ्यांपुढे लहान मुले येत होती. 1990 मध्ये त्यांनी 17 कुटुंबांतल्या 43 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आईवडील धडधाकट, पण पुष्कळदा एकमेकांच्या नात्यातले. जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तरच होणाऱ्या, म्हणजे अप्रभावी आजाराचीच ही खूण.

सख्ख्या चुलत, मावस किंवा आते-मामे भावंडांचे लग्न झाले तर अपत्याच्या सरासरी एक षोडशांश जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या आपल्याकडच्या घरांनाही हेच गणित लागू पडते. 1987 मध्ये लँडर आणि बॉटस्टीन या जनुकशास्त्रज्ञांनी ते उलटे वापरले: आजारी मुलांच्या गुणसूत्रांवर दोन्ही प्रती हुबेहूब असलेला तुकडा शोधा, दोष तिथेच असण्याचा संभव मोठा. त्यासाठी मोजके रुग्णही पुरतात.

ट्युनिशियातल्या अशाच एका मोठ्या कुटुंबावरून 1994 मध्ये शोध क्रमांक 2 च्या गुणसूत्रापर्यंत आला. नेमके जनुक, म्हणजे ‘एएलएस-2’, हाती लागायला आणखी सात वर्षे गेली. 2001 मध्ये दोन गटांनी एकाच वेळी ते जाहीर केले. ट्युनिशियन कुटुंबात डीएनएचे एकच अक्षर गळले होते, तेवढ्याने ‘अल्सिन’ हे प्रथिन अर्धवट राहत होते. कुवेत आणि सौदी अरेबियातल्या कुटुंबांत याच जनुकातल्या दोषामुळे होणाऱ्या आजाराला तोवर वेगळेच नाव होते. रुग्ण तपासून केलेली डॉक्टरांची वर्गवारी इथे डळमळली, आणि मला या कथेतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

सगळा दोष नात्यातल्या लग्नांवर टाकणेही चूक. 1993 मध्ये सापडलेल्या एसओडी-1 जनुकाची सहसा एक सदोष प्रतच एएलएस व्हायला पुरते. एसएमए (स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी) या मोटर न्यूरॉनच्याच अप्रभावी आजाराचे वाहक, म्हणजे एकच सदोष प्रत असलेले निरोगी लोक, तर इतके आहेत, साधारण पन्नासात एक, की नाते नसलेल्या जोडप्यांनाही हा आजार असलेली मुले होतात.

निदानाने उपचार सुचल्याचे उदाहरण दुर्मीळ, पण आहे. ब्राउन-व्हायलेटो-व्हान लेअर या मोटर न्यूरॉनच्याच दुसऱ्या एका अप्रभावी आजारात दोष रायबोफ्लेविन (बी-2 जीवनसत्त्व) वाहून नेणाऱ्या प्रथिनात असल्याचे 2010 नंतर उलगडले. आता अशा मुलांना हेच जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत देतात, आणि अनेकांना गुण येतो.