‘राखलेले’ या एका शब्दामागे

गेल्या पावसाळ्यात इंदूरच्या छावणी भागात आमच्या घरातला एक अंत्यविधी झाला. गेलेला माझा चुलतभाऊ. पंधरा-सोळा वर्षांत त्याने चर्चची पायरी चढलेली नव्हती, नाताळालाही नाही. पास्टरसाहेबांनी पेत्राचे पहिले पत्र उघडले आणि पहिल्या अध्यायातले पाचवे वचन वाचले. आशय असा, की देवाच्या सामर्थ्याने, विश्वासाच्या द्वारे तुम्ही राखलेले आहात. बडोद्याहून आलेली आत्या माझ्या शेजारी बसली होती. ती माझ्या कानाशी म्हणाली, "ह्याला कुठे राखलं रे?"

आत्या लग्न होऊन मेथडिस्ट घरात गेली. आम्ही इंदूरचे, मूळचे प्रेस्बिटेरियन. दोन्ही प्रोटेस्टंट पंथच. तिचा प्रश्न दुःखातून आला होता, पण तो विचारायची तिच्या घरची रीत वेगळी आणि ऐकायची आमची वेगळी. या दोन रीती कुठून आल्या, ते पाहू.

आधी शब्द. मराठीत ‘राखलेले’ म्हटले की मचाण, गोफण आणि रात्रभर जागणारा राखणदार डोळ्यांपुढे येतो. मूळ ग्रीक क्रियापद फ्रुरेओ हे मात्र लष्करी आहे. किल्ल्यावर शिबंदी ठेवणे, वेशीवर पहारा बसवणे, असा त्याचा अर्थ. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल सांगतो, की त्याला धरण्यासाठी दिमिष्क (दमास्कस) शहरावर पहारा होता आणि तो पाटीत बसून तटाच्या खिडकीतून उतरून निसटला. तिथेही क्रियापद हेच. पहारा बाहेरच्याला आत येऊ देत नाही, तसाच आतल्यालाही बाहेर जाऊ देत नाही. आणि पेत्राच्या वचनात तो पहारा ‘विश्वासाच्या द्वारे’ आहे. मग विश्वासच सुटला तर? की विश्वास सुटू न देणे हेच पहारेकऱ्याचे काम? पुढची सगळी भांडणे या दोन शब्दांच्या सांध्यावर झाली.

प्रश्न पुस्तकी नव्हता. पेत्राचे पत्र ज्या मुलखांना लिहिले आहे त्यांत पंत आणि बिथुनिया ही नावे आहेत. ही जागा आजच्या तुर्कस्तानात येते. त्याच प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने सुमारे 112 मध्ये सम्राट ट्राजानला लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. ख्रिस्ती म्हणून पकडून आणलेल्यांपैकी काहींनी सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस वाहिला, ख्रिस्ताला शिव्याशाप दिले. आपण ख्रिस्ती होतो, पण ते कधीच सोडून दिले, असे काही म्हणाले. कोणी तीन वर्षांपूर्वी, कोणी त्याहून आधी, एखाद-दुसऱ्याने वीसेक वर्षांपूर्वी. म्हणजे ज्यांना ‘तुम्ही राखलेले आहात’ असे लिहिले गेले, त्यांच्याच गावांतून माणसे निघून जात होती.

250 मध्ये सम्राट डेशियसने हुकूम काढला, की सर्वांनी देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. हो, दाखलाच. साक्षीदारांच्या सह्यांसकट. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. कित्येक ख्रिस्ती लोकांनी बळी वाहिला, कित्येकांनी पैसे चारून नुसता कागद मिळवला. छळ ओसरल्यावर हीच माणसे रडत मंडळीच्या दारात आली. त्यांना परत घ्यायचे की नाही, यावर कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोममधला नोव्हेशियन यांची फळी फुटली. सिप्रियनने पश्चात्तापानंतरची वाट उघडी ठेवली, नोव्हेशियनने दार बंदच ठेवले. सिप्रियन स्वतः 258 मध्ये शिरच्छेद होऊन मेला.

मात्र ‘शेवटपर्यंत टिकणे’ हा विषय नीट मांडला तो उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन याने, आणि तोही म्हातारपणी. त्याचे म्हणणे, टिकून राहणे ही देवाची देणगी आहे. लगेच उत्तर आफ्रिकेतल्या हाद्रुमेतुम इथल्या मठवाशांनी विचारले, मग आम्हाला रागावता कशाला? देणगी मिळाली तर टिकू, नाही तर नाही. प्रश्न चोख होता. दक्षिण गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) मठांतूनही तोच सूर निघाला, तेव्हा 428-429 च्या सुमारास त्याने या एका विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यातला युक्तिवाद मला आजही सगळ्यांत साधा आणि म्हणून सगळ्यांत भारी वाटतो. सिप्रियनने प्रभूच्या प्रार्थनेवर केलेले विवरण त्याने हाती घेतले आणि विचारले, आपण रोज ‘आम्हाला परीक्षेत आणू नको’ असे मागतो ना? जे स्वतःच्या बळावर जमते ते कोणी दुसऱ्याकडे मागत नाही.

ऑगस्टीनचे दुसरे टोक मात्र पुढचे लोक सोयीने विसरतात. बाप्तिस्मा झालेल्या, खरोखर नवे जीवन मिळालेल्या सगळ्यांनाच ही देणगी मिळते असे तो म्हणत नाही, आणि आपल्याला मिळाली की नाही हे मरेपर्यंत कळत नाही असेही म्हणतो. 430 मध्ये वांदाल टोळ्यांनी हिप्पो शहराला वेढा घातला असताना तो आत तापाने मरत होता. त्याचा चरित्रकार पोसिडियस त्याची प्रार्थना नोंदवतो : देवा, शहर सोडव, तसे नसेल तर तुझ्या सेवकांना सोसायचे बळ दे, नाही तर मला ने. शिबंदीचा शब्द तिथे अक्षरशः खरा झाला होता.

मधली हजारेक वर्षे मी पटकन ओलांडतो. रोमन कॅथलिक मंडळीने 1547 मध्ये त्रेंतच्या परिषदेत ठरवले, की शेवटपर्यंत टिकणे हे महादान आहे, पण ते मला नक्की मिळेल असे विशेष प्रकटीकरणाशिवाय कोणी ठामपणे म्हणू नये. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनने नेमके उलट सांगितले : देवाने निवडलेल्याला देव सोडत नाही, आणि ही खात्री विश्वासणाऱ्याला आजच मिळू शकते.

वाद पेटला तो हॉलंडमध्ये. कॅल्व्हिनची निवडीची शिकवण न पटलेला धर्मपंडित आर्मिनियस 1609 मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन दिले. गंमत अशी, की पाचव्या कलमात त्यांनी ‘विश्वासणारा पडू शकतो’, म्हणजे कृपेला मुकू शकतो, असे म्हटलेच नव्हते. या मुद्द्यावर शास्त्रातून अजून शोध घ्यायला हवा, एवढेच म्हटले होते. नोव्हेंबर 1618 पासून मे 1619 पर्यंत डॉर्ट गावी धर्मसभा बसली. तिने पाचव्या प्रकरणात उत्तर दिले : विश्वासणारे पडतात, दावीद पडला, पेत्र पडला, पण देव त्यांना पुरते हातचे जाऊ देत नाही. मजकूर वाचला तर त्यात पाळकाची माया दिसते. बाहेर मात्र वेगळेच चालले होते. त्याच मे महिन्यात आर्मिनियसच्या अनुयायांची पाठराखण करणाऱ्या ओल्डनबार्नवेल्ट या वृद्ध मुत्सद्द्याचे डोके हेगमध्ये उडवले गेले आणि त्या पक्षाच्या दोनशेच्या आसपास पाळकांची कामे गेली. त्याच पक्षाच्या कायदेपंडित ग्रोशियसला लूव्हेस्टाइनच्या किल्ल्यात डांबले. 1621 मध्ये तो पुस्तकांच्या पेटाऱ्यात बसून पळाला. पेटारा उचलणारे शिपाईच होते. पौलाची पाटी आठवते ती उगीच नाही.

मग इंग्लंड. वेस्टमिन्स्टरच्या सभेने 1646 मध्ये विश्वासाचा जाहीरनामा पुरा केला. त्याचे सतरावे प्रकरण याच विषयाला वाहिलेले आहे : देवाने स्वीकारलेले लोक कृपेतून पूर्णपणे किंवा कायमचे पडू शकत नाहीत. लगेच अठराव्या प्रकरणात कबुली आहे, की आपण राखलेले आहोत ही खात्री डळमळू शकते, काही काळ दिसेनाशी होऊ शकते. स्कॉटलंडने हा जाहीरनामा स्वीकारला आणि स्कॉटिश लोक जिथे जिथे गेले तिथे तो गेला. कॅनडात 1875 मध्ये निरनिराळ्या प्रेस्बिटेरियन मंडळ्या एक झाल्या आणि दोनच वर्षांत, 1877 मध्ये, त्यांचे जे. एम. डग्लस इंदूरला येऊन पोचले.

शहर होळकरांचे, रेसिडेन्सीचा इलाखा इंग्रजांचा. दरबाराला हे पाहुणे नकोसे होते, त्यामुळे पहिली वर्षे कुरबुरीतच गेली आणि मिशनचे बस्तान रेसिडेन्सीच्या आणि छावणीच्या आसऱ्याने बसले. तोफा-बंदुकांच्या पहाऱ्यात ‘देवाचा पहारा’ शिकवला जात होता, हे तेव्हा कोणाला खटकले की नाही कोण जाणे, मला खटकते. 1887 मध्ये जॉन विल्की यांनी कॉलेज सुरू केले. किशोरकुमार तिथे शिकला आणि कँटीनची पाच रुपये बारा आणे उधारी ठेवून गेला, ही गोष्ट प्रत्येक इंदूरकर सांगतो. छत्तिसावा प्रश्न मात्र फार थोड्यांना ठाऊक. वेस्टमिन्स्टरच्या लहान प्रश्नोत्तरीत एकशे सात प्रश्न आहेत. छत्तिसाव्याच्या उत्तरात या आयुष्यातल्या आशीर्वादांची यादी आहे, आणि तिच्या शेवटी कृपेत अखेरपर्यंत टिकून राहणे. आजीला ते पाठ होते. पोळ्या लाटताना ती आम्हा भावंडांकडून म्हणवून घ्यायची, चुकले की लाटणे परातीवर वाजायचे. चुलतभाऊ सगळ्यांत आधी म्हणून मोकळा व्हायचा.

बडोद्याची, म्हणजे आत्याच्या घरची, वाट मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्याकडून येते. त्याचा मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड कॅल्व्हिनच्या बाजूचा, आणि 1740 च्या आसपास दोघांचे याच विषयावरून फाटले. 1751 मध्ये वेस्लीने संतांच्या, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या, टिकण्यावर एक पुस्तिका काढली. इब्री पत्राच्या सहाव्या अध्यायातला पडणाऱ्यांविषयीचा इशारा खोटा कसा मानायचा, हा त्याचा रोख. पडूच शकत नसाल तर ‘पडाल’ म्हणून बजावायचे कशाला? 1784 मध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्टांसाठी त्याने इंग्लंडच्या मंडळीची कलमे छाटली, त्यात देवाच्या निवडीविषयीचे सतरावे कलम गेले. दुसरे एक मात्र त्याने ठेवले : पवित्र आत्मा मिळाल्यावरही माणूस कृपेपासून दूर जाऊ शकतो, आणि देवाच्या कृपेने पुन्हा उठू शकतो. आत्याच्या ‘कुठे राखलं रे’ मागे हे कलम उभे आहे. त्यातले ‘पुन्हा उठू शकतो’ तिला त्या दिवशी आठवले नाही, एवढेच.

आपल्याकडच्या वाचकाला हा झगडा परका वाटू नये. माकडिणीचे पिल्लू आईला घट्ट धरून बसते, मांजरीच्या पिल्लाला आई मानगुटीला धरून नेते. वैष्णवांतला मर्कटन्याय आणि मार्जारन्याय तो हाच. ढोबळमानाने वेस्ली पहिल्याजवळचा, डॉर्ट दुसऱ्याजवळचे. ढोबळमानानेच, कारण पिल्लाला धरायला बोटे आईनेच दिली हे वेस्लीही म्हणतो, आणि मांजरीच्या तोंडातले पिल्लू झोपून राहिले तरी चालेल असे डॉर्टही म्हणत नाही. ‘एकदा तारण, कायमचे तारण’ ही हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी घोषणा दोघांपैकी कोणाचीच नाही. तिच्यात पहारा आहे, विश्वास गळून गेला आहे.

मराठी ख्रिस्ती घरांत हा विषय पोथीपेक्षा संसारातून शिकला गेला. धर्म बदलला म्हणून वारसा जाऊ नये, असा कायदा ब्रिटिश मुलखात 1850 मध्ये झाला. आईबापांनी तोंड फिरवले तर त्यावर कायदा नव्हता. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला आणि लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षे वेगळ्या राहिल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 मधला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. जुनी माणसे सुटली, जुनी वाणी सुटली नाही.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात निरनिराळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. प्रेस्बिटेरियन परंपरेचे आम्ही तिच्यात गेलो. अमेरिकन मुळाच्या मेथडिस्टांनी ऐन वेळी पाऊल मागे घेतले. म्हणून आत्याची मंडळी आजही वेगळी आहे.

अंत्यविधीनंतरच्या रविवारी ती इंदुरातच होती. उपासनेला आली, आमच्याबरोबर प्रभुभोजन घेतले. वेस्टमिन्स्टरचे सतरावे प्रकरण मान्य आहे का, असे कोणी विचारले नाही. प्रभूच्या प्रार्थनेत ‘आम्हाला परीक्षेत आणू नको’ या ओळीवर तिचा आवाज अडकला. ती थांबली. पुढची ओळ मंडळी म्हणून गेली आणि मग शेवटच्या ‘आमेन’ला ती पुन्हा सामील झाली. बाहेर पडताना म्हणाली, "त्याला ते प्रश्नोत्तर पाठ होतं ना रे, शेवटपर्यंत?"

मी म्हटले, "छत्तिसावं. सगळ्यांच्या आधी म्हणायचा."