चहा, मराठवाड्यातील

मराठवाड्यात पाहुण्याचे स्वागत, सोयरिकीची बोलणी, दुखवट्याची भेट आणि भांडणानंतरचा समेट ज्या पेयाभोवती घडतो त्या चहाची, त्याच्या रीतीची आणि त्यामागच्या वसाहतकालीन इतिहासाची ही नोंद. बोलीत त्याला ‘च्या’ किंवा ‘चा’ म्हणतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड या आठही जिल्ह्यांत चहाचे मळे नाहीत. पत्ती येते ती आसाम, बंगाल किंवा निलगिरीकडून. तरीही दारात आलेल्या माणसाला चहा न विचारणे हा इथे अपमान समजला जातो.

घरात पाऊल टाकल्यावर आधी तांब्याभर पाणी आणि मग ‘च्या टाकते, बसा’ असा क्रम असतो. पाहुण्याने एकदा नको म्हणायचे आणि घरच्यांनी पुन्हा आग्रह करायचा, हाही त्याच रीतीचा भाग. ‘अर्धा घ्या, पण घ्या’ म्हटल्यावर एक कप दोघांत होतो: कप एकाकडे, बशी दुसऱ्याकडे. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींपुढे पोह्यांसोबत चहाचा ट्रे येतो. ‘चहापाण्याला या’ असा निरोप मुलीकडून आला की बोलणी पुढे सरकली, असे गावात ओळखले जाते. मयताच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा शेजारी किटली भरून चहा आणतात. रडून घसा सुकलेल्या माणसाच्या हातात कप देताना कुणी फारसे बोलत नाही. पैठणहून एकनाथांची पालखी पंढरीला निघते, तेव्हा वाटेवरच्या गावांत पहाटे वारकऱ्यांना चहा देणे ही सेवा मानली जाते. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारात येणाऱ्यालाही लंगरात चहा मिळतो.

करण्याची पद्धत साधी, पण काटेकोर. आधण ठेवायचे, साखर-पत्ती टाकायची, ऐपत असेल तर आले किंवा सुंठ, दारात असेल तर गवती चहाची पाती. गुळाच्या चहाचे तंत्र वेगळे आहे. गूळ आणि दूध एकत्र उकळले की दूध फाटते, म्हणून चहा उतरवून मगच त्यात वेगळे तापवलेले दूध घालतात. दूध नसलेला तो कोरा चहा. दसऱ्यानंतर बीडकडून ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यांची पहाट बहुधा अशाच कोऱ्या चहाने होते, कारण कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीवर, दुभते जनावर असेलच असे नाही. चहात भाकरी किंवा शिळी चपाती बुडवून खाणे ही कित्येक घरांतली न्याहारी आहे. तिच्याकडे चव म्हणून पाहणारा शहरी डोळा त्यामागची टंचाई सहज विसरतो.

हा चहा इथे जुना नाही. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. 1900 च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज लोहमार्ग झाला आणि औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावे बाहेरच्या बाजारपेठेला जोडली गेली. त्याच काळात, 1903 मध्ये, ब्रिटिश सरकारने मळेवाल्यांच्याच मागणीवरून चहाच्या निर्यातीवर उपकर बसवला. त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला आणि पुढे त्याचा मोठा रोख भारतीयांना चहाची सवय लावण्यावर आला. स्थानकांवर, गिरण्यांत, बाजारांत चहा पाजला जाई आणि तो कसा करावा याच्या पाट्या लागत. प्रचारकांना हवी होती भरपूर पत्ती आणि वरून थोडे दूध. टपरीवाल्यांनी थोडी पत्ती दूध-साखरेत उकळून काढली. आज आपण पितो तो चहा ही त्यांची निर्मिती आहे, मळेवाल्यांची नव्हे. पुढे यंत्राने दाणेदार केलेली स्वस्त, कडक पत्ती आली आणि खेड्यातल्या घरालाही चहा परवडू लागला.

चहा हे वसाहतवादाचे पीक असल्यामुळे त्याच्याविरुद्धचा संतापही जुना आहे. 16 डिसेंबर 1773 रोजी अमेरिकेतील बोस्टन बंदरात वसाहतकऱ्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या 342 पेट्या समुद्रात फेकल्या. पौंडामागे तीन पेन्स कर होता, पण लढा किमतीचा नव्हता. ज्या ब्रिटिश संसदेत आपला प्रतिनिधी नाही तिला कर का द्यायचा, हा प्रश्न होता. तो चहा चीनमधला होता. त्यानंतर 30 वर्षांनी, 23 सप्टेंबर 1803 रोजी, त्याच कंपनीच्या फौजेने आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. म्हणून बोस्टनची गोष्ट मराठवाड्याला परकी वाटायला नको. भारतात मळे उभे राहिल्यावर प्रतिकारही मळ्यांतून आला. आसामचे सुरुवातीचे भारतीय मळेवाले मणिराम देवान यांना 1857 च्या उठावातील सहभागाबद्दल 1858 मध्ये फाशी झाली. मे 1921 मध्ये आसामातील चरगोला खोऱ्यातल्या मळ्यांतले हजारो मजूर तुटपुंज्या मजुरीला कंटाळून, गांधीजींचा जयजयकार करत मळे सोडून गावाकडे निघाले आणि वाटेत, आज बांगलादेशात असलेल्या चांदपूर स्थानकावर त्यांच्यावर गुरखा शिपाई घालण्यात आले. गांधीजींनी स्वतः ‘आरोग्याची किल्ली’मध्ये चहाची शरीराला गरज नाही असे लिहिले.

मराठवाड्यातील लढ्याचे पेय मात्र चहा नव्हते, शिंदीच्या झाडाच्या रसाची दारू, म्हणजे शिंदी होते. निजामाच्या तिजोरीत आबकारीचा, म्हणजे दारूवरील कराचा, मोठा वाटा होता. त्यामुळे 1947-48 च्या मुक्तिसंग्रामात कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडे तोडली आणि बाहेरून येणाऱ्या मालावर कर घेणाऱ्या करोडगिरी नाक्यांवर हल्ले केले. बोस्टनकरांनी पेट्या बुडवल्या, इथल्यांनी झाडावर कुऱ्हाड चालवली. सत्तेचे उत्पन्न जिथून येते तिथेच घाव घालायचा, ही समज दोन्हीकडे सारखी आहे.

चहाने मराठी समाजात उभा केलेला सर्वांत अवघड प्रश्न कराचा नव्हता, कपाचा होता. 1890 मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. हजर असलेल्यांची नावे गोपाळराव जोशी यांनी वर्तमानपत्रात छापून आणली. त्यांत टिळक आणि रानडे होते. मिशनऱ्यांचा चहा घेतला म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभे राहिले, शंकराचार्यांकडे तक्रार गेली, प्रायश्चित्ते झाली. रानड्यांनीही 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांना ते लागले. पण पुण्यातील प्रश्न ब्राह्मणाने कुणाच्या हातचे घ्यावे एवढाच होता. मराठवाड्यातील खेड्यांत दलिताला कशात द्यावे हा होता. हॉटेलाबाहेर छपराच्या वळचणीला किंवा खुंटीला वेगळी कपबशी ठेवलेली असे, बहुधा कान तुटलेली. पैसे पूर्ण द्यायचे, चहा वरून ओतून घ्यायचा, बाहेर बसून प्यायचा आणि कप स्वतःच विसळून जागेवर ठेवायचा. राज्यघटनेच्या कलम 15 ने हॉटेलांत आणि उपाहारगृहांत असा भेद करायला मनाई केली, कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली आणि 1955 च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयातून शिकून गावी परतणारे तरुण ती वेगळी बशी मुकाट्याने उचलायला तयार नव्हते. आतल्या बाकावर बसून साध्या कपात चहा मागणे हा त्या गावातला सत्याग्रहच होता. मराठवाड्यातील चहाचा इतिहास लिहिताना बोस्टनपेक्षा या कपाला जास्त जागा द्यायला हवी.

चहा नाकारण्याची भाषा आजही तितकीच स्पष्ट आहे. ‘त्यांच्या घरचा च्या घेत नाही’ म्हटले की बांधाचे किंवा वाटणीचे भांडण कुठवर गेले ते कळते. तंटा मिटला की पंच दोघांना समोरासमोर बसवून चहा घ्यायला लावतात. हीच भाषा राज्याच्या राजकारणानेही उचलली. विधिमंडळ अधिवेशनाच्या पूर्वसंध्येला मुख्यमंत्री चहापान ठेवतात आणि विरोधी पक्ष त्यावर बहिष्कार घालतो. बहिष्काराच्या पत्रात मराठवाड्यातील दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्या यांचा उल्लेख अनेकदा असतो.