गोळी चालू असताना टोचायची लस

"ताई, आते गोया बंद व्हतीन का?"

एचआयव्हीच्या गोळ्या न्यायच्या तारखेला आमच्या सेंटरच्या बाकावर बसलेल्या एका ड्रायव्हरभाऊंनी मला विचारलं. भुसावळहून धुळ्याकडे त्यांची कायमची फेरी असते. मोबाइलवर कुणीतरी त्यांना बातमी पाठवली होती : एचआयव्हीवर उपचाराची लस, पहिल्या चाचणीत सुरक्षित. यात खोटं काही नव्हतं. अशा लशींच्या पहिल्या चाचण्या जगात बऱ्याच झाल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक लशी सुरक्षित ठरल्या आहेत. पण सुरक्षित म्हणजे नेमकं काय तपासलं, हे सांगायला मी बसले आणि औषधाची खिडकी बंद व्हायची वेळ झाली तरी माझं सांगणं संपलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

लस म्हटलं की आपल्याला पोलिओचा डोस आठवतो. रोग होऊ नये म्हणून आधीच घ्यायचा. कुत्रा चावल्यावरची इंजेक्शनं विषाणू शिरल्यानंतर घेतात, पण तीही रोग उभा राहण्याच्या आधी. एचआयव्हीवरची उपचाराची लस याच्याही पुढची आहे. ज्याच्या अंगात विषाणू वर्षानुवर्षं मुक्कामाला आहे, त्यालाच ती द्यायची. त्याच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने विषाणूला असं धरून ठेवावं की गोळ्यांची गरजच राहू नये, ही त्यामागची आशा. ती हवेतली नाही. शंभरात एकाहूनही कमी, पण अशी माणसं खरोखर आहेत, ज्यांचं शरीर औषधाशिवाय एचआयव्हीला काबूत ठेवतं.

आता कुणी म्हणेल, गोळ्या चांगल्या चालतात तर लस कशाला? गोळ्या चालतातच. १ एप्रिल २००४ पासून सरकार त्या मोफत देतं. आज टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तीन औषधं एकाच गोळीत मावतात. ती रोज घेणाऱ्याच्या रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली जातो, आणि तो तसा खाली राहिला तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. हे मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला सांगते आणि दर वेळी ऐकणाऱ्याचा चेहरा बदलताना बघते. पण ही गोळी जन्मभराची आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून येणाऱ्याची गोळ्या न्यायला येण्यात एका दिवसाची मजुरी जाते. ऊसतोडीला निघालेल्याला कुठल्या जिल्ह्यात गोळ्या मिळतील, याचा घोर असतो. घरात सुनेला कळू नये म्हणून डबी धान्याच्या कोठीत ठेवणाऱ्या बायका मला माहीत आहेत.

आणि गोळी थांबवली की विषाणू परत येतो, बहुतेकांमध्ये दोन ते चार आठवड्यांत. कुठून येतो, हे खान्देशातल्या कापूसवाल्याला सांगायला सोपं आहे. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की तिने पाडलेलं छिद्र बुजतं. मग वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. हंगाम संपला तरी ती पऱ्हाट्यांवर राहिलेल्या बोंडांत सुप्तावस्थेत पडून राहते आणि पुढच्या हंगामात बाहेर येते. फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर तेच पीक पुढे ठेवू नका, असं कृषी खातं सांगतं, ते याचसाठी. एचआयव्हीचंही तसंच. तो स्वतःची जनुकं आपल्या काही पांढऱ्या पेशींच्या जनुकांत मिसळून झोपी जातो. झोपलेल्या विषाणूवर गोळी चालत नाही, कारण गोळी फक्त त्याची वाढ अडवते. हा साठा निम्म्यावर यायला सुमारे ४४ महिने लागतात. त्या वेगाने तो संपायला साठ वर्षांहून जास्त काळ जाईल, असा हिशोब शास्त्रज्ञांनी मांडला आहे.

लशीच्या सुरक्षेचा खरा पेच इथून सुरू होतो.

सीडी-फोर हा शब्द आमच्या सेंटरवर न शिकलेल्या म्हाताऱ्यालाही पाठ असतो. या पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीचे हवालदार. त्या हुकूम देतात, मग मारेकरी पेशी कामाला लागतात. कुठलीही लस या हवालदारांना जागं करते, ते तिचं कामच आहे. पण एचआयव्ही राहतो याच पेशींत, आणि त्याला झोपलेल्या पेशीपेक्षा जागी, धावपळीतली पेशी जास्त मानवते. म्हणजे शत्रूशी लढायला जी फौज उठवायची, तीच त्याचं घरही आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एचआयव्ही असलेल्यांना साधी धनुर्वाताची लस दिली, तर रक्तातला विषाणू काही काळ वाढलेला दिसला. तेव्हा आजच्यासारखी एकत्रित औषधं हाताशी नव्हती. ती वाढ तात्पुरती होती, आणि नियमित गोळी घेणाऱ्याने धनुर्वाताची किंवा फ्लूची लस टाळायचं काही कारण नाही. पण ज्या लशीत एचआयव्हीचेच तुकडे आहेत, तिच्याबाबत ही शंका तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

म्हणूनच पहिली चाचणी बहुधा उपचार घेणाऱ्या, तब्येत स्थिर असलेल्या रुग्णांवर करतात. गोळी पहाऱ्यावर असते. लशीने एखादी पेशी जागी होऊन त्यातून विषाणू बाहेर पडला, तरी त्याला नव्या पेशीत घर करता येत नाही. भाग घेणाऱ्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, आधीपासून दबलेला हवा, सीडी-फोर चांगलं हवं, टीबी किंवा कावीळ नको. कमी मात्रेने सुरुवात करतात. आधी एकाला टोचून थांबायचं, मग पुढच्यांना. या थांबण्यामागे मार्च २००६ मधली लंडनची घटना आहे. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना चेतवणारं टीजीएन १४१२ नावाचं नवं औषध सहा निरोगी तरुणांना थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने दिलं गेलं आणि काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात होते. ते वाचले. पण पहिल्याचं काय होतं ते पाहायला कुणी थांबलंच नव्हतं.

टोचल्यानंतर माणसाला तिथेच बसवून ठेवतात. घरी जाताना थर्मामीटर आणि डायरी देतात. ताप किती, हात किती सुजला, अंग किती दुखलं, रोज लिहायचं. प्रत्येक त्रासाला श्रेणी असते : पहिली म्हणजे किरकोळ, चौथी म्हणजे जिवावरची. काहींना लशीऐवजी नुसतं मिठाचं पाणी टोचतात, आणि कुणाला काय मिळालं हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. नाहीतर सोमवारी कापूस वेचून दुखलेलं अंगही लशीच्या खात्यात जमा होईल. यासोबत ठरलेल्या दिवशी रक्त घेऊन व्हायरल लोड आणि सीडी-फोर मोजायचं. माझ्या मते ताप-सुजेपेक्षा हे दोन आकडे कितीतरी महत्त्वाचे, कारण रुग्णाने वर्षानुवर्षं गोळ्या खाऊन कमावलेलं हेच आहे.

पण एक धोका गोळी चालू असेपर्यंत दिसतच नाही. एचआयव्हीचे तुकडे शरीरात नेण्यासाठी कॅनरी पक्ष्यांच्या देवीचा विषाणू वाहक म्हणून वापरलेली एक लस होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या चाचणीत लशीनंतर गोळ्या थांबवून पाहिल्या. ज्यांना लस मिळाली होती त्यांच्यात विषाणू नुसतं पाणी टोचलेल्यांपेक्षा जास्त उसळला, आणि त्यांना गोळ्या लवकर सुरू कराव्या लागल्या. लशीने हवालदार वाढवले होते, तेच विषाणूला मिळाले, असा अर्थ शास्त्रज्ञांनी लावला. हाताच्या सुजेवरून हे कधीच कळलं नसतं.

मग गोळ्या थांबवून पाहायच्या का? स्मार्ट नावाच्या चाचणीत ३३ देशांतले ५,४७२ रुग्ण होते. त्यातल्या निम्म्यांच्या गोळ्या सीडी-फोरच्या आकड्यावरून थांबवत, पुन्हा सुरू करत होते. त्यांच्यात संधिसाधू (प्रतिकारशक्ती खचल्यावर जडणारे) आजार किंवा मृत्यूचं प्रमाण अडीचपटीहून जास्त निघालं आणि जानेवारी २००६ मध्ये नवे रुग्ण घेणं बंद केलं. त्यामुळे आता लशीच्या चाचणीत गोळी थांबवायची तर थोडक्या काळासाठी, रक्ताची वारंवार तपासणी ठेवून, आकडा ठरलेल्या रेषेवर गेला की गोळी लगेच परत. जोडीदाराला लागण होऊ नये, याचीही सोय आधी करावी लागते.

पोलिओची लस देणाऱ्या जोनास सॉल्क यांनीच १९८०च्या दशकात उपचाराच्या लशीची कल्पना मांडली होती. त्यांची रेम्यून नावाची लस सुरक्षित होती, पण मोठ्या चाचणीत तिचा फायदा दिसेना, म्हणून १९९९ मध्ये ती चाचणी थांबवली. २०२२ साली बार्सिलोनाच्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेली चाचणी मला आशेची वाटते. लागण झाल्यावर लवकर उपचार सुरू केलेली माणसं त्यात होती. एचआयव्हीला रोखायला मदत करणारी जनुकं जन्मतः नसलेल्यांपैकी लस घेतलेले २० जण होते, त्यातले ८ गोळीशिवाय २२ आठवडे टिकले. लस न मिळालेल्या १२ जणांत असा एकच. माणसं थोडी आहेत, पण आकडा विसरण्यासारखा नाही.

ड्रायव्हरभाऊंना मात्र यातलं सगळ्यात जास्त पटलं ते वेगळंच. आपल्याकडच्या २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार दुर्बल गटातल्या माणसाची संमती घेताना काही चाचण्यांत व्हिडिओ काढावा लागतो. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांच्या चाचण्यांत मात्र फक्त आवाज नोंदवायचा. चेहरा नाही.

"तोंड दिसाव नही ना?" त्यांनी दोनदा विचारलं. नाही दिसणार भाऊ, मी म्हटलं. आणि कधी कुठे अशी चाचणी निघाली, तरी कधीही नाही म्हणता येतं, गोळ्या तरीही मिळत राहतात. तोवर ही बातमी वाचून एकही गोळी चुकवू नका.

त्यांनी मान हलवली. गोळ्यांची डबी केबिनमध्ये वाजू नये म्हणून तिच्यात कापसाचा बोळा खोचला आणि पुढची तारीख माझ्याकडून कार्डावर लिहून घेतली.