माशाला खालून दिसणारी माशी

संक्रांत उलटली की इंदूरच्या आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा महिनाभर माझ्याकडे येतो. हिमाचल प्रदेशात नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट पकडण्यास बंदी असते, कारण तो त्या माशाच्या विणीचा काळ आहे. 1 मार्चला हंगाम उघडतो, आणि त्या दिवसांत तीर्थन नदीच्या काठी उभे राहायचे असेल, तर तीसचाळीस फ्लाय आधीच बांधून झालेल्या असाव्या लागतात. फ्लाय म्हणजे बारीक गळावर दोरा, पिसे आणि लोकर गुंडाळून केलेला नकली कीटक. ही कला जुनी आहे. मॅसिडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याची दोन पिसे बांधून मासे धरत, अशी नोंद इसवी सन 200 च्या सुमाराची आहे.

नवशिका कीटकाचे चित्र समोर ठेवून त्याचे पंख, पाय, डोळे हुबेहूब उतरवू पाहतो. मीही पहिली दोन वर्षे तेच केले. पण आपण कीटक वरून पाहतो आणि मासा तो खालून, पाण्यातून पाहतो, आणि या दोन दृश्यांत फार मोठा फरक आहे. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे पाण्याबाहेरचे सगळे जग, एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत, माशाला डोक्यावरच्या सुमारे 97 अंशांच्या शंकूत दाटीवाटीने सामावलेले दिसते. मासा 30 सेंटिमीटर खोलीवर असेल, तर पृष्ठभागावरची ही गोल खिडकी साधारण 68 सेंटिमीटर रुंद असते. खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि त्यात नदीचा तळच उलटा दिसतो.

हे घरी पाहता येते. काचेच्या पेल्यात पाणी भरून तो डोळ्यांच्या थोडा वर धरावा आणि बाजूच्या काचेतून पाण्याच्या पृष्ठभागाकडे खालून पाहावे. तो चांदीच्या पत्र्यासारखा चमकतो. आता त्यावर अलगद एक फ्लाय ठेवली, तर फ्लाय जवळजवळ दिसतच नाही, दिसतात त्या तिच्या पिसांच्या टोकांनी आरशाला पाडलेल्या बारीक खळ्या, आणि प्रत्येक खळीतून प्रकाशाचा एक ठिपका खाली येतो. वाहत येणाऱ्या कीटकाची पहिली वर्दी ट्राउटला याच ठिपक्यांनी मिळते. त्यानंतर खिडकीच्या कडेवर उभ्या पंखांची टोके धडापासून तुटल्यासारखी अधांतरी दिसू लागतात, आणि कीटक आणखी जवळ आला की पंख आणि धड एकमेकांना जुळतात.

म्हणून माझा बराचसा वेळ पिसांत जातो. कोंबड्याच्या मानेवरच्या पिसाचे तंतू ताठ असतात आणि एकमेकांत गुंतत नाहीत. कोंबडीचे पीस मऊ असते, पाणी धरते आणि बुडते, त्यामुळे ते पाण्याखाली चालवायच्या फ्लायसाठी ठेवायचे. मला झाबुआच्या कडकनाथ कोंबड्याची काळी पिसे विशेष आवडतात. ज्या मेलॅनिनमुळे ती काळी होतात, त्याच मेलॅनिनमुळे पीस झिजेलाही जास्त टिकते. 14 नंबरचा गळ व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला लावलेल्या छोट्या शिकंजात, कसायचा, मेण लावलेल्या दोऱ्याने पिसाची दांडी बांधायची आणि पीस उभे धरून चार-पाच वेढे द्यायचे, म्हणजे तंतू चक्रासारखे चहूकडे पसरतात. तंतूंची लांबी गळाच्या तोंडाच्या रुंदीच्या दीडपट असावी. लोखंडाचा तो तुकडा एरवी सरळ बुडाला असता. पण त्याचे वजन कित्येक टोकांवर वाटले जाते आणि पाण्याचा पृष्ठताण ते सहज पेलतो.

धडासाठी मोराच्या पिसाचा एकेक तंतू मी दोऱ्याबरोबर पिळून गुंडाळतो. मोरपिसात हिरवे रंगद्रव्य मुळी नसतेच. तंतूवरच्या सूक्ष्म उपतंतूंत मेलॅनिनच्या कांड्या एकमेकींपासून मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून थोड्याच जास्त अंतरावर, जाळीसारख्या ओळीने रचलेल्या असतात, आणि हे अंतर किंचित बदलले की परावर्तित प्रकाश निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळसर होतो. मोर संरक्षित पक्षी आहे. वापरायचे ते केवळ आपोआप गळलेले पीस. धडावरून शेवटी जरीचा धागा फिरवतो, म्हणजे कीटकाच्या पोटाचे खंड उठून दिसतात. ही जर आजीच्या विरलेल्या महेश्वरी लुगड्याच्या काठातली आहे. सुती दोऱ्यावर धातूची चपटी तार गुंडाळलेली असल्याने ती उथळ पाण्यात बारीक लुकलुकते.

ज्याची ही नक्कल, तो मेफ्लाय हा विलक्षण प्राणी आहे. पंख फुटून उडू लागल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा आज दुसरा कोणताही कीटक नाही. पाण्यातून वर येतो तेव्हा त्याचे पंख धुरकट असतात आणि तो ते उभे मिटून प्रवाहावर तरंगतो. मग काठावरच्या झुडपात कात टाकून तो काचेसारख्या पंखांनी पुन्हा उडतो. प्रौढ मेफ्लायला खाण्याजोगे तोंडच नसते. काही तास, फार तर काही दिवस जगून, अंडी घातल्यावर मादी पंख दोन्हीकडे पसरून पाण्यावर पडते. म्हणजे एकाच कीटकाच्या दोन फ्लाय लागतात. दुसरीत मी खालच्या बाजूचे तंतू कात्रीने सपाट कापतो, म्हणजे धड पाण्याच्या पृष्ठभागातच आडवे बसते आणि आरशावर लांबट ठसा उमटतो.

प्रत्येक गळाचा उलटा काटा मी पकडीने दाबून टाकतो, कारण मासा परत सोडायचा असतो. रात्री नेलपॉलिशचा थेंब लावलेली गाठ वाळली की फ्लाय काचेच्या टाकीत सोडून खाली वाकून पाहतो. जिच्या खळ्या एकाच बाजूला दाट पडतात, ती दुसऱ्या दिवशी ब्लेडने सोडवतो. गळ आणि जर पुन्हा कामी येते, पीस मात्र नवे घ्यावे लागते.